दिवे लागायच्या आत

रविवार, बाळापूर

आजही यांनी शेवट पाहू दिला नाही. पिक्चरसाठी अकोल्यापर्यंत जायचं, आणि हिरॉइन रडायला लागली की हे माझा हात ओढतात. "चाल, गाडी काढू, मंग गर्दी होते." गर्दी कसली? अर्धं टॉकीज रिकामं होतं! आमच्या दुकानातून गेलेलं कपाशीचं बियाणं यंदा उगवलंच नाही, तेव्हापासून टॉकीजमधले दिवे लागायच्या आत यांना बाहेर पडायचं असतं. कोणी ओळखलं तर? मला कळतं, म्हणून मीही गुपचूप उठते.

पिक्चर तसा बरा होता. हिरो मात्र रडतानासुद्धा शर्ट बदलून येत होता.

घरी आल्यावर शेजारच्या शबानाभाभी स्टोरी ऐकायला आल्या. न पाहिलेला शेवट मी नेहमीसारखा मनानेच रचून सांगितला. ऐकून त्या म्हणाल्या, "काहून वं, तुह्या सगळ्याच पिक्चरमधी बाई शेवटी घर सोडून जाते?"

मी म्हटलं, "आजकाल तसेच पिक्चर येऊन राहिले."

हे तिथेच चहा पीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अन् मंग वापस येते का?"

तेवढं मी अजून रचलंच नव्हतं.