यादीतली नुसती चंपा

५ जाने. ८८, पांढुर्णा
सौंसरच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला त्याला महिना झाला. नागपूरला दहा दिवसांचं ट्रेनिंग केलेली मी एकटीच, म्हणून तो माझ्या गळ्यात. आज हेडसर म्हणाले, "बाई, सोमवारी छिंदवाड्याहून साहेब येऊन राहिले. स्टाफची यादी मशीनवर काढा. आडनाव आधी, नाव मागून." तीच यादी साहेब नेणार, कायम कोणाला करायचं ते पाहायला. मीही टेम्पररीच.

६ जाने.
वहीत प्रोग्रॅम लिहून पाहिला. पूर्ण नाव म्हणजे मशीनला अक्षरांची माळ. शेवटून एकेक अक्षर पाहत यायचं, रिकामी जागा दिसली की तिथं तोडायचं. उजवीकडचं आडनाव, ते पुढं आणायचं. बसमध्ये संत्र्याच्या टोपल्यांत अवघडून बसली, तरी पुन्हा तपासलं.

८ जाने.
बारा नावं सुरळीत. तेराव्यावर एरर. चंपा, आमची शिपाईण. हजेरीतही नुसतं 'चंपा'. रिकामी जागाच नाही, मशीन तोडणार कुठं?
हेडसर : "काढून टाका तिचं नाव. फजिती नको."
चंपा दाराशीच झाडत होती.

९ जाने.
तिला म्हटलं, नवऱ्याचं आडनाव सांग, टाकून देते.
"त्यानं टाकलं मले, बाई. त्याचं काहून लावू? अकरा वर्सं झाली इथं, सारे चंपाच म्हंतेत."
प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या : जागा सापडली नाही तर नाव आहे तसंच छाप. चालवणार तोच लाइट गेली. कॅसेटच्या टेपवर भरून ठेवलेलं नव्हतं. सगळं पुसलं गेलं.

१० जाने.
रविवार. जामसांवलीच्या मारुतीला जाते असं आईला सांगून शाळेत. पुन्हा सगळं टाइप. चाललं! हेडसरांना बोलली नाही.

११ जाने.
साहेब आले. कागद करकरत निघून राहिला, हेडसर माझ्या मागं उभे. चंपाचं नाव उमटलं. हेडसर दातओठ खात, "बाई, सांगितलं होतं ना?"
साहेब : "ये कौन? आगे कुछ नहीं?"
"पूरा नाम यही है, सर."
साहेबांनी लाल पेनानं त्या नावाभोवती गोल केला. कागदाची घडी, बॅगेत.
जीप गेली. हेडसर सरळ ऑफिसात. चंपा जवळ आली. "बाई, गोल काहून केला त्यायनं?"
कायम करायला की काढून टाकायला, मलाच कुठं माहीत...