माझ्याच वयाचा म्हातारा

अण्णा,

यंदा गणपतीत आपल्या मराठी मंडळाने नाटक बसवलं आणि त्यात मी आजोबांचं काम केलं. आयुष्यातलं पहिलं काम. बायको म्हणते, सगळ्यांना फोन करून सांगून झालं, आता राहिलंय कोण? राहिलात ते तुम्ही. म्हणून सकाळचा चहा झाल्यावर व्हरांड्यात कागद घेऊन बसलोय. जयपूरचं हे बनी पार्क तुम्ही पाहिलंत तसं आता राहिलेलं नाही. आपल्या दोन्ही बाजूंना गेस्टहाऊस झालीत, समोरून पाहुण्यांच्या बॅगा ओढल्याचे आवाज येतात. पण व्हरांड्यात ऊन अजून त्याच कोपऱ्यातून येतं आणि मी खुर्चीही तिथेच टाकतो.

नाटक म्हटलं की मला तुमचं ते नाटक आठवतं, आणि ते आठवलं की अजून थोडा राग येतो. विमा कचेरीतून तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होतात. मी पंचविशी ओलांडलेला, नवी नोकरी, अंगात उत्साह. मंडळाला नायक हवा होता आणि मी हात वर केला. वाक्य सोपं होतं: आपण पुन्हा कधी भेटणार? मी छाती काढून म्हणालो, "आपण पुन्हा कधी मिलणार?" सगळी तालीम हसली. माझं काय चुकलं ते मला कळलंच नाही, हिंदी शाळेत वाढलेल्या पोराला कळणार कसं? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "याचं मराठी ऐकून नायिका पहिल्याच अंकात माहेरी जाईल." मंडळातल्या सगळ्या तरुण पोरांचं मराठी माझ्याइतकंच दिव्य. ज्यांचं चांगलं होतं त्यांची पोटं सुटली होती. शेवटी तुम्ही म्हणालात, मी करतो. आणि मला पडदा ओढायला ठेवलंत.

नायिका म्हणजे बँकेतल्या एका साहेबांची नवी नवरी, नाशिकची. ती तालमीत तुम्हाला विचारायची, "काका, इथे हात धरायचा का?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही कलप लावून, पोट आत ओढून उभे. आई विंगेत पुस्तक घेऊन, वाक्यं सांगायला. प्रयोगाच्या दिवशी तो बागेतला प्रवेश येतो, नायिका खाली मान घालून उभी राहते आणि तुम्ही वाक्य विसरता. मी दोरी हातात धरून बघतोय. आई हळूच सांगते, "तुझ्यावाचून मला करमत नाही." तुम्हाला ऐकू येत नाही. आई जरा मोठ्याने सांगते. तरी नाही. मग आई चिडते आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणते, "तुझ्यावाचून मला करमत नाही!" तुम्ही नायिकेला सोडून विंगेकडे वळता आणि शांतपणे म्हणता, "मलाही नाही."

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. आईने पुस्तकात तोंड लपवलं आणि नंतर दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, पण त्या दोन दिवसांत तिने गुळपोळ्या केल्या हे मी पाहिलं. मला मात्र वाटत होतं, या वयात माणसाने जरा गप्प बसावं. या वयात म्हणजे कुठल्या, तेव्हा विचार केला नव्हता. आज मी त्या वयाच्या पुढे गेलोय.

तुम्ही म्हातारे झालात तो दिवसही मला नीट आठवतो, कारण तुम्ही तो जाहीर केला होतात. मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली होती. रस्सीखेच सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, अण्णा, तुम्ही पंच व्हा. झालं, तुम्ही धोतर खोचलंत आणि दोरीला सगळ्यात पुढे उभे राहिलात. पलीकडच्यांनी एक हिसका दिला आणि तुम्ही सरळ मातीत बसलात. लागलं काही नाही, पण उठायला दोघांनी हात द्यावा लागला. मला वाटलं, आता दिवसभर तुमचं तोंड उतरलेलं राहणार. तुम्हाला कडुनिंबाखाली सतरंजीवर बसवलं. एकीने पाणी आणलं, दुसरीने पाठीला उशी दिली. जेवताना कोणीतरी तुमच्यासाठी बाटी चुरून, तूप घालून, वर वरण ओतून ताट हातात आणून दिलं. जेवण झाल्यावर पोरं भोवती बसली आणि तुम्ही त्यांना साताऱ्याच्या गोष्टी सांगत सुटलात, त्यातल्या निम्म्या मला नव्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या खोट्या. संध्याकाळी बसमध्ये तुम्ही आईला म्हणालात, "उद्यापासून कलप बंद. म्हातारं होण्यात इतकी मजा आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

आई खिडकीकडे बघत होती. ती गर्रकन वळली. "एकटेच कसे म्हातारे झालात? मला विचारलंत का? तुम्ही पांढरे झालात की लोक मला काय म्हणतील?"

तुम्ही म्हणालात, "तू सावकाश ये. मी पुढे जाऊन जागा धरतो."

बसभर हसू झालं. आईसुद्धा हसली. आणि खरंच, तिने आणखी कितीतरी वर्षं केस काळे ठेवले आणि तुम्ही पांढऱ्या शुभ्र डोक्याने तिच्याबरोबर बाजारात जात राहिलात.

मला ते जमलं नाही, अण्णा. बँकेतून निवृत्त झालो तरी मी कलप सोडला नाही. जिन्याचा कठडा धरत नव्हतो, म्हणजे कोणी बघत असेल तर धरत नव्हतो. भाजीवाला बाबूजी म्हणाला की मी मागे वळून बघायचो, दुसरं कोण आलंय ते. यंदा जूनमध्ये मंडळातली एक मुलगी घरी आली. सोलापूरची, इथे एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, एकटी राहते, स्कूटीवरून सगळ्या जयपूरभर फिरते. म्हणाली, मी नाटक लिहिलंय, बसवतेही मीच. तुम्हाला काम द्यायचंय. मी सावरून बसलो. तिने गोष्ट सांगितली: मुलगा वडिलांना कायमचा पुण्याला न्यायला येतो आणि वडील जायला तयार नसतात. मी विचारलं, "मुलाचं काम ना?"

ती गडबडली. "नाही काका. आजोबांचं. पण मुख्य भूमिका तीच आहे हं!"

विचार करून सांगतो म्हणालो आणि आत गेलो. बायकोला विचारलं, "माझ्यात आजोबा दिसतात का गं तुला?"

ती दोडक्याच्या शिरा काढत होती. "तिला दिसले. मी आता निरखून कुठे बघते?"

मी बाहेर येऊन शेवटची ढाल पुढे केली. म्हणालो, माझं मराठी धड नाही, मध्येच मतलब येतं, माझ्या वडिलांनी मला याच कारणाने पडद्याच्या दोरीला बांधलं होतं. ती म्हणाली, "काका, हे आजोबा पन्नास वर्षं जयपुरात राहिलेत. ते पुण्यासारखं बोलले तरच माझं नाटक पडेल." तुम्ही असतात तर तिच्याशी वाद घातला असतात. मी घातला नाही. ज्या बोलण्यापायी मला काम नाकारलं गेलं, त्यासाठीच कोणीतरी मला बोलावायला आलं होतं.

तालमी झोटवाड्यात, एका मेंबराच्या बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी मी पूर्ण तयारीने गेलो. पाठीतून वाकलो, हात थरथरवले, प्रत्येक वाक्याच्या आधी खोकलो. मुलाचं काम करणारा गडी हसू दाबत होता. ती मुलगी हातातली संहिता मिटून उठली. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, संहितेत आजोबांचं वय बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. बघितलं. माझंच वय होतं.

"मग थरथरू नका ना. आत्ता तुम्ही जिना चढून आलात तसेच या फक्त."

मी जिना कसा चढून आलो होतो? आठवून बघितलं. एक हात भिंतीला, उजवा गुडघा आधी, मध्ये एकदा थांबून खाली कोणाची स्कूटर आहे हे बघायचं निमित्त. इतकंच. त्यात भयंकर असं काही नव्हतं. म्हाताऱ्याची मी जी सोंगं करत होतो ती भीतीने करत होतो, आणि प्रत्यक्षातला म्हातारा तर कधीचाच माझ्यासोबत भाजी आणायला जात होता, मजेत. त्या दिवशी घरी जाताना मी बायकोला फोन करून सांगितलं, माझा कलप आता बंद. ती म्हणाली, "बरं. माझा आण मात्र."

प्रयोगाच्या दिवशी रंगभूषावाला पांढऱ्या पावडरीचा डबा घेऊन आला, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि डबा तसाच मिटून ठेवला. मी आरशात बघितलं. तुमचा भांग, तुमची कानाजवळची ती बंडखोर बट. बरं वाटलं, अण्णा.

तिसऱ्या प्रवेशात मुलगा माझी बॅग भरून दाराकडे निघतो आणि मी ती हिसकावून घेतो. तालमीत पन्नास वेळा केलं होतं. प्रयोगात हिसकावली तर मूठच निघून आली, बॅग उघडली आणि कपडे, चपला, औषधांचा डबा सगळं रंगमंचभर. ओंडक्यासारखा उभा राहणार कसा? मी गोळा करायला खाली बसलो. बसलो ते बसलोच. गुडघा अडकला. संहितेप्रमाणे या आजोबांनी सबंध नाटकभर कोणाचा हात घ्यायचा नव्हता, तेच तर त्यांचं भांडण. मुलाचं काम करणारा घाबरून माझ्याकडे बघतोय. विंगेतून कोणी काही सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही लिहिलेलंच नाही. मी हात वर केला. "उठव की रे! बघत काय बसलायस?" त्याने धरून उठवलं. उभा राहिलो, त्याचा हात सोडला नाही, आणि म्हणालो, "हात दे म्हटलं मतलब पुण्याला ने म्हटलं असं नाही. कपडे कपाटात ठेव परत."

मग जे झालं ते सांगताना मला संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. टाळ्या थांबेनात. विंगेत ती मुलगी तोंडावर हात ठेवून रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. नंतर तिने सांगितलं, ते वाक्य आता नाटकात राहणार, आणि डिसेंबरात अजमेरच्या मंडळात प्रयोग आहे, मूठ आधीच ढिली करून ठेवू. मी म्हटलं, गुडघ्याचं मी बघतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकतो. पडदा पडल्यावर ती सगळी मुलं माझ्या पाया पडायला आली, रांगेने. अशी रांग माझ्यासमोर कधी लागली नव्हती. औक्षवंत व्हा वगैरे म्हणायचं असतं, ते तोंडात आलंच नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणत राहिलो, "खुश रहो, बेटा, खुश रहो." रांग संपली. सगळी सामान आवरायला पांगली. मी मात्र हात तसाच जरा पुढे धरून थोडा वेळ उभा राहिलो, अजून कोणी यायचं राहिलंय का ते बघत.