अब्बांचं टेबल आणि माझी मान

जुन्नर, रविवार

प्रिय रूही आपा,

सलाम. दुल्हेभाईंना सलाम, अलिझाला पापा. तुम्ही सगळे कोल्हापुरात खुशाल असाल अशी दुआ करतो. इकडचं म्हणशील तर अम्मीचे गुडघे, अब्बांचं ब्लडप्रेशर आणि माझी मान असे तिघेही मजेत आहेत. त्रास आहे तो फक्त आम्हाला. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अम्मी फोन कायम स्पीकरवर ठेवून बोलते हे तुला माहीत आहे, आणि हे अब्बांच्या कानावर पडून चालणार नाही. वाचून झालं की फाडून टाक. (अलिझाला जहाज करायला देऊ नकोस. ती त्याचा फोटो काढून नानीला पाठवेल.)

तर झालं असं, की आमच्या कंपनीने पुण्यातलं ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना कळवलं, की आता कायम घरूनच काम करा. मी आनंदाने बाडबिस्तरा घेऊन जुन्नरला आलो. अम्मीला वाटलं, माझी नोकरी गेली. मी समजावून सांगेपर्यंत तिने शेजारीपाजारी रडून घेतलं होतं, त्यामुळे नारायणगावहून माझ्यासाठी येऊ घातलेलं स्थळ रस्त्यातूनच परत फिरलं. पण ते दुःख बाजूला ठेवतो, कारण मानेचं दुःख त्याहून मोठं निघालं. पलंगावर मांडी घालून, मांडीवर लोड, लोडावर लॅपटॉप अशी नोकरी करता करता एका सकाळी मान डावीकडे वळली ती तिकडेच राहिली. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, कोपरं काटकोनात हवीत, स्क्रीन डोळ्यांसमोर हवी, पावलं जमिनीला सपाट टेकलेली हवीत. म्हणजे खुर्ची हवी आणि टेबल हवं.

खुर्ची मागवली. ती सुट्या भागांत आली, आणि मी ती जोडल्यावरही बरेच दिवस तशीच वाटत होती. पाठीला जाळी, डोक्याला उशी, खाली चाकं. ती गोल फिरते हे कळल्यावर अम्मीने तिचा ताबा घेतला. डावीकडे मेथीची जुडी, उजवीकडे निवडलेली भाजी, मध्ये अम्मी फिरतेय. तिचं म्हणणं, गुडघ्यांना इतका आराम डॉक्टरांच्या गोळ्यांनीसुद्धा नव्हता. माझ्या मीटिंगच्या वेळा पाहून आता आमच्या घरी भाजी निवडली जाते.

खरा घोळ टेबलाचा. मोबाईलवर एक टेबल पसंत करून मी अम्मीला दाखवत होतो, तेवढ्यात अब्बा आत आले. "काय घेताय?" म्हणाले. अम्मी बोलून गेली, टेबल. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "विकत?" एवढंच म्हणाले, आणि जेवायला न बसता बाहेर गेले. आपा, तूच सांग, अर्ध्या जुन्नरची दारं-खिडक्या ज्या माणसाच्या हातच्या आहेत, त्याच्या घरात खोक्यातून टेबल आणायला निघालेला मी केवढा शहाणा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. हात थरथरायला लागल्यापासून ते बंदच आहे, आणि अम्मीचे गुडघे दुखतात म्हणून बंद आहे असं आपण सगळ्यांना सांगतो (अम्मीच्या गुडघ्यांवर घरातल्या किती जणांचा भार आहे पाहा). थरथर तुला माहीत आहे, पण तू ईदला पाहिलीस त्याहून आता जास्त आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात. त्या गोळ्यांनी झोप तेवढी वाढली.

अब्बांनी माळ्यावरचं सागवान खाली काढलं. माझ्या लग्नातल्या कपाटासाठी ठेवलेल्या त्या फळ्या. म्हणजे कपाटाची आशा त्यांनीही सोडली, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं. मला बसवून माप घेतलं, उभं करून माप घेतलं, आणि दोन्ही मापं टेप गुंडाळेपर्यंत विसरले. मी पुन्हा बसलो, पुन्हा उभा राहिलो. कंपनीच्या नोकरीत एवढा व्यायाम कधी झाला नाही.

मग एकदा सावळेराम मला चौकात गाठून बाजूला घेऊन गेला. तोच तो, अब्बांचा जुना जोडीदार, आता ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो. म्हणाला, "तालिब, शौकतभाईंची करवत सरळ चालत न्हाई रं. डोळ्यानं बघवत न्हाई. ते घरी जेवाया गेले, की मी जरा रंधा मारून घेत जातो. त्यांना कळायचं न्हाई." मी हो म्हणालो. आणि नेमके त्या दिवशी अब्बा चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले. सावळेरामच्या हातात रंधा, मी दारात राखणीला. अब्बा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्या हातातला रंधा काढून घेतला, अगदी हळू, आणि म्हणाले, "माझ्या पोराचं टेबल हाय, सावळेराम. वाकडं झालं तर माझं वाकडं झालं." सावळेराम गमछ्याने तोंड पुसत निघून गेला. मी तिथेच भुसा झाडत बसलो.

टेबल झालं आणि घरी आलं. पॉलिश असं, की त्यात तोंड पाहून दाढी करावी. फक्त ते माझ्या छातीला लागतं आणि डावीकडे उतरतं. उंचीला उपाय म्हणून मी खुर्ची पार वर चढवतो. मग पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली पाट घेतो. उताराला मात्र उपाय नाही. माऊस सोडला की निघाला. मीटिंगमध्ये मी सगळ्यांना तिरपा दिसतो. आमच्या अश्विनी मॅडम एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तालिब, बरं वाटत नसेल तर आडवा हो थोडा." मान आता ठीक आहे, दुखणं खांद्यात उतरलंय.

अब्बा रोज येऊन विचारतात, "कसं हाय?" मी म्हणतो, झकास. परवा दुपारी ते आले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसायला लागले. चष्मा निघाला. आपा, तो हळूहळू चालला होता आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. कडेला आल्यावर मी तो झेलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी टेबलावरून तळवा फिरवला, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग म्हणाले, "जमीन उताराची हाय."

मी म्हणालो, "हो अब्बा. जमीनच तशी आहे."

तेव्हापासून आमच्या घराची जमीन उताराची आहे. अम्मी तर सांगते, की तिची लाटलेली पोळीसुद्धा हल्ली एका बाजूला जाते.

बाकी काय लिहू? तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
तालिब

ता. क. टेबल झाल्यापासून अब्बांनी दुकान पुन्हा बंद केलंय. दिवसभर ओट्यावर बसतात, हात मांडीखाली दाबून. सागवान अजून उरलंय. तेव्हा एवढं कर, फोन कर आणि सांग, की अलिझाला अभ्यासाला टेबल पाहिजे आणि ते नानांच्याच हातचं पाहिजे. मोठ्याने बोल.

ता. क. माप फोनवर देऊ नकोस. स्वतः येऊन घ्या म्हण. एसटीत पाठ दुखते म्हणून ते तुझ्याकडे यायचं टाळतात, ते खरं नाही. तुझ्या सासरच्या माणसांसमोर कप हातात धरायला त्यांना नको वाटतं. ते आले की चहा ग्लासात दे, आणि अर्धाच भर.