शिंगाड्याच्या तलावावरची शर्यत

बाबा, परवा नागपूरला मी पुन्हा शर्यतीत उतरले होते. आईला सांगून उपयोग नाही, ती आता दुसऱ्या मिनिटाला विसरते. म्हणून तुम्हाला सांगते आहे, म्हणजे तसं कुणालाच नाही.

नौदलातून सुटून तुम्ही भद्रावतीच्या कारखान्यात लागलात आणि कुठूनशा शिडाच्या दोन जुन्या होड्या मिळवून गावाबाहेरच्या तलावात सोडल्यात. जंगलाच्या मुलखात शीड म्हणून लोक हसले. तलाव ढिवरांचा, म्हणजे गावच्या मासेमारांचा, निम्म्या पाण्यात त्यांचे शिंगाडे. तुम्ही त्यांना शब्द दिलात की वेल तुटणार नाही. त्यामुळे आम्ही पोरं भलतंच काही शिकलो. वेल जवळ आला की होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळी वर ओढायची, वेलावरून अलगद घसरत जायचं, मोकळं पाणी लागलं की फळी पुन्हा खाली. फळी वर असताना होडीला पाण्यात धरून ठेवणारं काहीच नसतं, वाऱ्याची एक झुळूक आली की पलटी. मी इतक्यांदा पलटायची की काठावर शिंगाडे सोलत बसलेली ढिवरीण ओरडायची, "भाऊ, पोरगी गेली तुमची पुन्हा! काढा तिले, नाईतर माह्या वेलाले धरून वर येईन थे!" तुम्ही पोट धरून हसायचात. तेव्हा तुम्ही हसायचात.

तुमची आस एकच होती, या तलावाचं एक तरी पोरगं नागपूरच्या तलावावरची शिडाच्या होड्यांची शर्यत पुरी करेल. जिंकेल असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, तेवढे शहाणे होतात. एक मुलगा उलटल्या शिडाखाली अडकला, त्याच्या आईनं त्याला पाण्यावर पाठवणंच बंद केलं. दुसऱ्याच्या डोक्यात शिडाची आडवी काठी बसली. उरले मी. नागपूरच्या मोकळ्या पाण्यात वळायच्या शेवटच्या तरंगत्या खुणेपर्यंत मी छान आले होते. वळताना हात आपोआप गेला आणि फळी वर ओढली. तिथे वेल कुठला? पुढच्याच झुळकेला मी पाण्यात.

त्या रात्री स्वयंपाकघरात तुम्ही ताटावर बसला आहात, मी समोर, केस अजून ओले. "काऊन ओढली फळी? तिथं काय शिंगाडे होते?" आई म्हणते, "तिले जेवू तं द्या आधी." तुम्ही भाताला हात न लावता उठता. "तिचं काई नाई चुकलं. मीनंच बिघडवलं पोरीले," म्हणत हात धुता. रागावला असतात तर बरं झालं असतं. पुढच्या हिवाळ्याआधी तुम्ही गेलात.

तलाव आता जलपर्णीनं झाकून टाकलाय. शिंगाडे संपले, ढिवरांची पोरं कोळशाच्या खाणीवर जातात. एक होडी कुजली, दुसरीत कुणीतरी गोवऱ्या रचतं. इथून आता कुणी शीड धरणार नाही. तलावाचं पोरगं म्हणून उरले ती मीच, गुडघे धरलेली, केस पिकलेली. नागपूरला कुठल्याही वयाच्या माणसांसाठी शर्यत आहे असं कळलं आणि नाव दिलं. होडी तिथल्यांचीच मागून घेतली.

सगळ्यांच्या मागे होते, पण चालले होते. शेवटची खूण नीट वळले. पुढे सरळ पाणी, समोर शेवटची रेघ, तिथल्या माणसांचं बोलणं ऐकू येईल इतकी जवळ. आणि वाऱ्याच्या एका झोतात उलटले. होडी आडवी पडलेली. फळीवर उभं राहायचं, काठ धरून मागे झुकायचं, ती उठते. लहानपणी हे मी जेवणाआधी दहादा करायची. मदतीची मोटारबोट शेजारी आली. आतला माणूस म्हणाला, "ताई, उभी करा ना, समोरच तर आहे. का घेऊ तुमाले वर?" वर घेतलं की शर्यत संपली, हे त्यालाही माहीत, मलाही.

घ्या म्हणून मी हात वर केला; या वेळी आपोआप नाही, ठरवून. दमले नव्हते, बाबा. उभी करता आली असती. त्या बोटीत अंगाला टॉवेल गुंडाळून बसले आणि मला फार हलकं वाटलं.