कलम चारची दुरुस्ती आणि होडीच्या दोन बॅटऱ्या

आधी चूक दुरुस्त करते. दिनांक २९ सप्टेंबर १९९५ रोजी मी एक मृत्युपत्र लिहिले होते. त्याच्या कलम चारमध्ये म्हटले आहे की, नारळी पौर्णिमेला आमच्या होडीतली बॅटरी फुटून माझे भाऊ दामू यांचे डोळे गेले, ते जानू धर्मा भोईर यांनी क्लिप ढिली ठेवल्यामुळे. हा मजकूर खोटा आहे. लिहिताना मला ते माहीत होते. ते संपूर्ण मृत्युपत्र मी रद्द करते.

मी, कमळा बाळाराम तरे, वय २७, अविवाहित, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, धंदा बॅटरी दुरुस्ती, हे पूर्ण भानावर राहून लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. गुंगी येऊ नये म्हणून दोन दिवस खोकल्याचे औषधसुद्धा घेतलेले नाही. माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. मंगळवारी, २३ जानेवारीला मुंबईत भरती व्हायचे आहे. "किती आशा धरू?" असे विचारले, तर डॉक्टर कागदच बघत राहिले.

१. भिवंडीतला भाड्याचा गाळा वडिलांच्या नावाचा आहे. मालक तो परत घेतील. त्यांच्याशी भांडू नये. याच गाळ्यात वडिलांनी मला अक्षरे शिकवली. बॅटरीच्या काळ्या खोक्यावर ते खडूने 'क' काढत आणि मी गिरवत असे. शाळेत गेले तेव्हा मला अधिक-उण्याच्या खुणा येत होत्या, बेरीज येत नव्हती.

२. चार्जर, आम्ल मोजायची काचनळी, शिशाचे साचे, पाने आणि नरसाळी जानूदादा भोईर यांना द्यावीत. ते वडिलांचे पहिले कारागीर. आता खारबावला मेव्हण्याकडे राहून विटा उचलतात, कारण आमच्या गावात आणि भिवंडीत त्यांच्या हातात कोणी बॅटरी देत नाही. त्यांनी ही हत्यारे नाकारली तर खाडीत टाकावीत, विकू नयेत.

३. अठरा फुटी शिडाची होडी दादाची, म्हणजे दामू यांची. चंद्रावहिनी ती रेतीवाल्यांना विकू पाहतात, त्यांचेही बरोबर आहे. पण दादा संध्याकाळी जाऊन तिच्या कडेवर हात ठेवून बसतो. तो आहे तोवर विकू नये.

होडी पुढे कोणाकडेही गेली, तरी बॅटरीचे एवढे पाळावे. ट्रकची बॅटरी घेऊ नये. दादा तेव्हा म्हणाला होता, "ट्रकचीच घे गं कमळे, जोर असतो तिच्यात." जोर असतो, पण तो एका झटक्यापुरता, दिवा आणि उपसा पंप तासन्‌तास चालवायला जाड प्लेटची लागते. दोन घ्याव्यात, एका दिवशी, एकाच कंपनीच्या. जुनी नवीला जोडली तर जुनी नवीचे खाते. डोलकाठीच्या मागे, अगदी तळाशी, लाकडी पेटीत ठेवून पट्ट्याने आवळाव्यात, म्हणजे होडी कलली तरी सरकणार नाहीत. फ्यूज टर्मिनलपासून वीतभरावर. काचनळीतला आम्लाचा आकडा बाराशेच्या खाली आला की दिवा बंद करून चार्जिंगला आणाव्यात. पेटीच्या झाकणाला वरून भोके ठेवावीत. आणि बॅटरीच्या सहा बुचांना जी सुईएवढी भोके असतात, ती दर वेळी टाचणीने मोकळी करावीत. चार्जिंगनंतर आतून जळणारा वायू येतो, त्याला दुसरी वाट नसते. हे वडिलांनी मला सातव्या वर्षी शिकवले.

आता जे झाले ते. पौर्णिमेला अंजूरच्या बंदरावर होड्यांची पूजा होते. आमच्याकडे बॅटरीचीही होते, कारण घर तिच्यावर चालले. जानूदादांनी रात्रभर चार्ज झालेल्या दोन्ही बॅटऱ्या सकाळी बसवल्या आणि क्लिपा पान्याने आवळल्या. मी जवळ उभी होते, मी पाहिले. मग मी खोबरेल तेलात घट्ट कुंकू कालवले आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या बाराही बुचांच्या बरोबर मधोमध एकेक बोट लावले. मधोमधच भोक असते. नवी बॅटरी, नवी साडी, बायका बघत होत्या. टिळे सरळ रांगेत यावेत एवढेच माझ्या मनात होते. झाकण लावले. तासाभराने दादाने पंपाची वायर टर्मिनलला लावली. तेव्हा बारीक ठिणगी नेहमीच पडते. कोंडलेला वायू बुचांच्या कडेने फुसफुसत होता, तो पेटला आणि बॅटरी दादाच्या तोंडावर फुटली.

दादाला रिक्षात घातल्यावर मी मागे राहिले. फुटलेल्या तुकड्यांत चार बुचे सापडली. चारही भोके कुंकवाने बुजलेली होती. मी ती पदराने पुसली. त्यानंतर गावकऱ्यांनी विचारले, "क्लिप कुणी लावली व्हती?" मी म्हणाले, "जानूदादांनी." हे खरे होते. पुढचे गावाने स्वतःच ठरवले आणि मी ठरवू दिले.

आठ दिवसांनी जानूदादा गाळ्यात आले, आत शिरले नाहीत. "कमळे, म्या दोनदा पिळली व्हती गं. तू हुबी व्हतीस. ढिली न्हाय ऱ्हायली, काय?"

मी म्हणाले, "मला नाही आठवत, जानूदादा."

"बरं," असे म्हणून ते गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही.

४. मावशी ठकुबाई मला म्हणत, "आम्लानं भोकं पडलेल्या लुगड्याची पोर कोण करून घेईल?" माझ्या अकरा साड्यांना भोके आहेत. त्या सर्व मावशींना द्याव्यात. पौर्णिमेची साडी देऊ नये, ती जाळावी.

५. पोस्टातली शिल्लक चंद्रावहिनींची. दादाच्या डोळ्यांवर ती खर्चू नये. दोन्ही डॉक्टरांनी नाही सांगितले आहे.

६. हा कागद वाचल्याने दादाला दिसणार नाही. जानूदादांना गिऱ्हाईक परत मिळेल असेही वाटत नाही. गाव एकदा बोलले की बदलत नाही. मला क्षमा मिळावी म्हणून हे लिहिलेले नाही आणि तशी कोणाला विनंतीही करू नये. पण मी मेल्यावर हे कोणी दुसऱ्याने वाचले, तर मी पुन्हा पळ काढल्यासारखे होईल. दादाने विचारलेले काहीही मला समोर बसून ऐकले पाहिजे.

साक्षीदारांनी मजकूर वाचला आहे. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही. मीराबाई वाचून म्हणाल्या, "पोरी, परतून आल्यावर सांग की. आता कशाला जिवाला घोर?" मी म्हणाले, "परतले तर मी सांगणार नाही. मी मला ओळखते."

साक्षीदार: मीराबाई गणपत केणे, बालवाडी शिक्षिका, अंजूर (सही)
साक्षीदार: दाजी हिरू पाटील, कंपाउंडर, भिवंडी (सही)

लिहिणार: कमळा बाळाराम तरे (सही)
ठिकाण: अंजूर. दिनांक: १७ जानेवारी १९९६, बुधवार.

ताजा कलम: खारबावला निरोप गेला आहे. जानूदादा येतो म्हणाले, कशाला ते विचारले नाही. दादाला फक्त घरी थांब असे सांगितले आहे. दोघांना समोरासमोर बसवून हा कागद मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे: रविवार, दिनांक २१ जानेवारी १९९६, सकाळी दहा वाजता.