ठकूची दाढ, मामाचा जबडा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझ्या सासूबाईंचा नवा गुडघा आता वाकू लागला असेल, आणि त्या स्वतः कुणापुढे वाकत नसल्या तरी मजेत असतील, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. ठकूची दाढ भरून झाली. पत्र इथेच संपवता आलं असतं, पण तुला तुझ्या कन्येकडून निराळी हकिगत कळण्याआधी खरी कळावी म्हणून सविस्तर लिहितो.

निघताना तू बजावलं होतंस, पोरीला घाबरवू नकोस. मी ते इतकं मनावर घेतलं की रस्ताभर तिला सांगत होतो, अजिबात दुखत नाही. (तोवर ती फुटपाथवरच्या फरशांच्या रेघा चुकवत आनंदात चालली होती.) शेवटी ती थांबली आणि म्हणाली, "काय दुखत नाही?" तिथून पुढे तिला जवळजवळ ओढतच न्यावं लागलं.

दवाखान्यात माशांची टाकी आहे, भिंतीवर हसरी दाढ रंगवली आहे, पण आमच्या आधीचं गिऱ्हाईक दाराच्या चौकटीला चिकटलं होतं. त्याचे वडील एक हात सोडवायचे, तोवर दुसरा घट्ट बसायचा. ते पाहून ठकूची दातखीळ बसली. आत गेल्यावर मी दाताच्या कण्या केल्या, आइस्क्रीम कबूल केलं, सायकल कबूल केली (त्याचं आपण सवडीने बोलू). एरवी ज्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यात साधा आरसा जाईना.

डॉक्टरीणबाई वयाने तरुण, पण शांत. त्यांनी आधी मला गप्प बसायला सांगितलं आणि मग ठकूला म्हणाल्या, "आपण मामांचे दात बघू. तू आरसा धर." मी ऐटीत खुर्चीवर पसरलो. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी दात दाखवून घेतलं. बाई डोकावल्या, पुन्हा डोकावल्या आणि नुसतं "हं" म्हणाल्या. थांबावंसं वाटलं तर डावा हात वर करायचा, असं त्यांनी आम्हा दोघांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी कशाला हात लावायच्या आत मी दोन्ही वर केले. तेव्हा ठकूने त्यातला एक खाली घेतला, धरून ठेवला आणि म्हणाली, "मामा, नाकाने श्वास घे. त्या नुसतं बघतायत."

मग ती आपणहून खुर्चीत चढली. मशीन सुरू झालं तसा तिने हात वर केला. मशीन थांबलं. पुन्हा सुरू, पुन्हा हात, पुन्हा थांबलं. बाई रागावल्या नाहीत, की "झालंच हं" म्हणत त्यांनी पुढे रेटलं नाही. मला वाटलं, पोरगी खेळ करतेय. पण ताई, ती त्यांचा शब्द पारखून घेत होती. खात्री पटल्यावर तिने मान डोलावली आणि मोठा आ केला. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं, पण हात पोटावरून हलला नाही. मला मात्र समोरची भिंत नीट दिसेना.

आता ती जिभेने दाढ चाचपत घरभर हिंडते, आणि पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना मामा कसा घाबरला ते साभिनय दाखवते. एकूण घरात आनंद आहे. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
भाऊ

ता. क. – ठकूला न्यायला तू रविवारी येणार म्हणालीस. घाई करू नकोस. गुडघ्याचं दुखणं नाजूक, सासूबाईंना तुझी गरज जास्त आहे. मंगळवारपर्यंत ती इथेच राहू दे. शाळेचं मी बघतो.

आणखी एक – मंगळवारी माझ्या दाढेच्या मुळाचं काम काढलंय. येताना घरातलं कुणीतरी धीराचं माणूस सोबत आणा, असं बाईंनी बजावलंय. मी ठकूचं नाव सांगून आलोय.