कोरडी न्हाणी

लातूर, ६ मार्च १९८३
मिळालं एकदाचं घर! जिल्हा नवा झाल्यापासून इथे खोली मिळणं म्हणजे दिव्य. कचेरीतले निम्मे लोक अजून लॉजवर पडून आहेत. मी मात्र भोकरहून ट्रंक घेऊन आले आणि गंजगोलाईमागे दोन खोल्या पटकावल्या. मालकीण नागम्मा शेजारीच राहतात, दोन वर्षांच्या नातवाला घेऊन. त्या सिद्धरामची, सिदूची आई, म्हणजे नागम्मांची लेक, त्याच्या बाळंतपणातच गेली. पोरगं मला बघताच कडेवर आलं, 'मावशी' म्हणालं. मूल होत नाही म्हणून सासरहून परत पाठवलेल्या बाईला असं कुणी म्हणू नये. नव्या घरात पहिल्याच दिवशी रडले.

नागम्मांची अट एकच: रोज न्हाणीतच अंघोळ करायची आणि शेवटचा तांब्या तिथल्या दगडावर ओतायचा. "तेवढं इसरू नका, बाई," म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतंच.

१३ मार्च
न्हाणीत बुरशी आहे. दगडापासून भिंतीवर कमरेपर्यंत चढलेली, काळी. हात लावला तर मऊ आणि कोमट. गावात टँकरपुढे घागरींच्या रांगा आणि इथे भिंतीला ओल! मला घाण खपत नाही, हे सगळी कचेरी जाणते. आज रविवार, कंबर कसली. काथ्याने घासलं, धुण्याच्या सोड्याने पुसलं, चुन्यात मोरचूद कालवून दोन हात दिले. बंद खिडकीचे खिळे उपटले. वारा लागला की ओल जाते.

१९ मार्च
भिंत पांढरीशुभ्र! आता अंघोळच बंद केलीय. ओल्या फडक्याने अंग पुसते, दगड ठणठणीत कोरडा राहतो. वाचलेली घागर सिदूसाठी नागम्मांकडे देते. हल्ली त्याला फार तहान लागते. दगडावर ओतता ना, असं त्या पुन्हापुन्हा विचारतात. मी हो म्हणते. दगडाला पाजण्यापेक्षा पोराला पाजलेलं बरं.

२४ मार्च
सिदूचे ओठ फाटलेत. तांब्याभर पितो आणि पुन्हा मागतो. डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली, पण रोग सापडत नाही म्हणाले. न्हाणीत चुन्याला तडे गेले होते, म्हणून सकाळी आणखी एक हात दिला. संध्याकाळी त्याला बघायला गेले तर जीभ पांढरीफटक, चुना फासल्यासारखी.

२६ मार्च
नागम्मांनी आज न्हाणी पाहिली. दगडावर तळहात ठेवला आणि सगळं सांगितलं. सिदू माझ्याच खोलीत जन्मला. बाळंतपणातली वार त्यांनी त्या दगडाखाली पुरलीय. न्हाणीत पुरायची, म्हणजे बाळाच्या अंघोळीचं पाणी तिच्यावर पडत राहतं. "पोरगी तिथं गेली, माझा पाय धजंना, म्हणून भाडेकरू ठिवत आले, आता तुमाला ठिवलं. वार कोरडी पडली की लेकरू वाळतं, बाई. ती बुरशी न्हवती, जित्तं व्हतं ते."
घरातलं सगळं पाणी ओतलं. चुन्याने पिऊन टाकलं.

२७ मार्च
टँकर नाही. कचेरीतून कळशी आणली, ओतली. नखांनी चुना खरवडतेय. खाली काळं काहीच नाही — मीच घालवलं, घासून घासून —

२८
टँकर नाही. सिदू आता पाणी मागतच नाही. 'मावशी' म्हणायला तोंड उघडतो, आवाज फुटत नाही.
दगडाच्या कडेला एवढंसं काळं — बोटाएवढं. कोमट आहे. देवा, राहू दे ते.

२९
दुपारी शेजारी रडणं सुरू झालं. गेले नाही. माझी छातीच होत नाही.
न्हाणीत — पांढऱ्या भिंतीवर काळे पंजे. लहान. ओले. दगडापासून वर वर — कडेवर घे म्हणताना करायचा तसे दोन्ही हात —
भिंतीतून आवाज आला. मावशी, पानी.
घागर पालथी. घरात थेंब नाही. फक्त माझे डोळे — गाल भिंतीला लावलाय. पितोय तो. कोमट — सोडत नाही — नको सोडूस, राजा, मी कुठे नाही जात, मी इथेच तुझ्या